तान्ही पिल्लं, लेकुरवाळी मांजर की मोठा बोका: फॉस्टरिंगला घरी कुणाला आणावं?

बेवारस मांजरांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे किंवा गटाकडे फॉस्टर म्हणून नाव दिलंत की पहिल्याच फोनवर विचारतात, "कुणाला घेऊ शकाल?" आणि नवखी मंडळी उत्साहानं म्हणतात, "कुणीही चालेल." हे उत्तर देऊ नका. कुणीही म्हटलं की जे बाकी कुणालाच जमत नाही ते आपल्या वाट्याला येतं, आणि ते बहुधा बुटाच्या खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेलं, डोळेही न उघडलेलं असतं.

फॉस्टरिंग म्हणजे दत्तक घेणं नव्हे. कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं आणि मग हातानं सोडायचं. मुदत तीन आठवड्यांची असते, कधी सहा महिन्यांचीही. कुणाला आणायचं हे ठरवताना गोंडसपणाची तुलना करून काही हाती लागत नाही, फोटोत सगळीच गोंडस दिसतात. मी तुलना करते ती प्रत्येकाच्या सगळ्यात वाईट दिवसाची. तो दिवस आपल्या घराला, कामाला आणि झोपेला झेपेल का, एवढंच बघायचं.

तान्ही पिल्लं, म्हणजे बॉटल बेबी

जन्मलेलं पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं. डोळे उघडायला 7 ते 14 दिवस लागतात. तोवर त्याला दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही, इतकंच काय, मदतीशिवाय शी-शूसुद्धा करता येत नाही. आई चाटून ते करवून घेते. ती नसेल तर साधारण तीन आठवडे होईपर्यंत दर दुधाच्या वेळी कोमट ओल्या कापसानं ते काम आपलं.

पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी दूध, रात्री धरून. तिसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, चौथ्यात चार-पाच तासांनी. दिवसभर बाहेर नोकरी असेल आणि पिल्लांचं खोकं सोबत नेता येत नसेल, तर हा पर्याय इथेच संपतो. मनात कितीही माया असली तरी.

वेळ आहे म्हणणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. दूध म्हणजे मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारं मिल्क रिप्लेसर. गाईच्या दुधानं जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत कमी होतं. दुसरं, पाजताना पिल्लू पालथं हवं, आईला लुचताना असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जायची भीती. तिसऱ्या गोष्टीत सगळ्यात जास्त लोक चुकतात: गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. आपल्याला वाटतं भुकेनं मलूल झालंय, म्हणून बाटली आधी तोंडाला लावतो. पण गार अंगात पचन मंदावलेलं असतं, ते दूध बाधतं. ऊब देतानाही खोक्याच्या अर्ध्याच भागात हीटिंग पॅड ठेवायचं, वर जाड कापड घालून. फार तापलं तर सरकायला गार कोपरा पाहिजे.

रोज एकाच वेळी डिजिटल काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ ठीक. एक दिवस काटा हलला नाही तर डोळ्यात तेल घालून बघायचं. वजन उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि वाईट दिवस? रात्री अकराला पोटभर प्यालेलं पिल्लू पहाटे तीनला गार आणि लुळं सापडतं. सगळं बरोबर करूनही काही पिल्लं अशी कोमेजतात. माझ्याकडच्या पहिल्या तिघांपैकी एक पाचव्या दिवशी गेलं. मी पुढचे दोन दिवस ती वही पुन्हा पुन्हा उघडून कुठल्या रकान्यात माझी चूक लिहिली आहे ते शोधत होते, आणि मधेच उठून उरलेल्या दोघांना पाजत होते.

लेकुरवाळी मांजर

तीच पिल्लं, पण आईसकट. कागदावर जीव जास्त, प्रत्यक्षात काम कितीतरी कमी. पाजणं, चाटणं, ऊब देणं सगळं ती बघते. आपण तिला पोटभर खायला घालायचं (पाजणाऱ्या मांजरीला पिल्लांसाठीचं किटन फूडच चालतं आणि ते लागतंही भरपूर), पाणी, लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरलेलं खोकं) आणि पिल्लांचं वजन. वजन ती खायला उठली की करायचं. मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत म्हणतात, पण आपल्या मनगटाला ते बरोबर लागतात.

इथे किंमत वेळेची आणि जागेची. पिल्लं नुकतीच झालेली असतील तर आठ आठवडे तरी एक खोली गेली असं समजा. मग पिल्लं दूध सोडतात, एकेक घरी जातात आणि मागे उरते आई. तिचं दूध आटणं, नसबंदी, मग तिच्यासाठी घर शोधणं. पिल्लांना मागणी असते, आईला नसते. ती तुमच्याकडे किती दिवस राहणार हे आधीच विचारून घ्या. अजून एक, पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. घरात नसबंदी न झालेला बोका असेल तर दोघांमध्ये बंद दार हवंच. एरवी लोण्यासारखी मऊ असणारी मांजरसुद्धा पिल्लं असताना घरच्या कुत्र्यावर किंवा दुसऱ्या मांजरावर चालून जाते.

हिच्याकडचा वाईट दिवस म्हणजे आई आजारी पडते किंवा एखाद्या पिल्लाला जवळच घेत नाही, आणि रातोरात आपल्या पदरात बॉटल बेबी येतात. म्हणून बाटली कशी द्यायची हे लेकुरवाळी आणणाऱ्यालाही माहीत असलेलं बरं.

खाऊ लागलेली पिल्लं

पाच ते आठ आठवड्यांची ही टोळी. स्वतः खातात, लिटर बॉक्स वापरतात (आणि त्यात नाचतातही), पडद्यावर चढतात. आठ तास बाहेर असलात तरी चालतं, पण एकटं पिल्लू आणू नका, दोन आणा. एकमेकांशी झोंबून ती किती जोरात चावायचं हे शिकतात, नाहीतर तो धडा तुमच्या पायावर गिरवला जातो. लिटर ओलं झाल्यावर गोळे होणारं नको, लहान पिल्लं ते खातात. माणसाची सवय लागण्याचं वय साधारण दोन ते सात आठवडे, म्हणजे याच दिवसांत जितका हात फिरेल तितकं पुढच्या घराचं काम सोपं.

पण यांचा वाईट दिवस फार वाईट असू शकतो. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा, झपाट्यानं पसरणारा विषाणूचा आजार. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. मधल्या काळात पिल्लू उघडं असतं. उलट्या, जुलाब, ताप आणि कधीकधी एका रात्रीत खेळ खल्लास. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. हाताला लावायच्या साध्या सॅनिटायझरनं मरत नाही, पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागतं, आणि गादी-सोफ्याला ते लावणार कसं? त्यामुळे एकदा घरात शिरला की लस न झालेली पिल्लं त्या घरात वर्षभर आणता येत नाहीत. म्हणून पिल्लांना गालिचा आणि सोफा असलेल्या खोलीपेक्षा पुसता येणारी रिकामी खोली बरी, दिसायला कितीही रुक्ष असली तरी.

मोठं मांजर

याला कुणी हात वर करत नाही, आणि माझ्या मते पहिल्यांदा फॉस्टर करणाऱ्यानं हेच आणावं. मोठं मांजर दिवसाचा बराचसा वेळ झोपतं, रात्री गजर लागत नाही, स्वभाव आठवड्याभरात कळतो. पहिले काही दिवस ते पलंगाखाली असेल. ओढून काढू नका, जवळ जमिनीवर बसून आपलं काहीतरी वाचत राहा.

दोन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं, जाड्या मांजरांत विशेष. आणि बोका लिटर बॉक्समध्ये सारखा जाऊन जोर करतोय पण लघवी होत नाही, तर सकाळपर्यंतही थांबू नका.

बाकी याची अडचण वेगळीच: मुदत कळत नाही. पिल्लं पंधरा दिवसांत जातात, सात वर्षांचा बोका महिनोन्‌महिने राहतो. तो जाईल त्या दिवशी तुम्ही रडाल, आणि तोच त्याचा वाईट दिवस. रस्त्यावर वाढलेलं, माणसाला अजिबात न सरावलेलं मोठं मांजर मात्र या यादीत धरू नका. त्याला खोलीत कोंडून माणसाळवण्यापेक्षा नसबंदी करून त्याच्या जागी सोडणं बहुतेक वेळा त्याच्या भल्याचं.

कुणालाही आणा, दार लागणारी वेगळी खोली हवी आणि घरातल्या मांजरांपासून निदान 14 दिवस दुरावा. आपल्या मांजरांच्या लसी आधी पूर्ण करा. घरात कुणी गरोदर असेल तर लिटर बॉक्स दुसऱ्यानं साफ करायचा, मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोका असणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे. पिल्लांना गजकर्ण असेल तर ते मुलांना होतं. माणसाचं पॅरासिटामॉल आणि कुत्र्याच्या पिसवांवरचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला विष आहे. तान्ह्या पिल्लांवरच्या पिसवा तर बारीक कंगव्यानंच काढायच्या.

ज्यांच्याकडून घेताय त्यांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: डॉक्टरांचा खर्च कुणाचा, रात्री दोनला फोन कुणाला करायचा, परत कधी न्यायचं, आणि मला जमलं नाही तर कोण नेणार. चौथ्या प्रश्नावर चाचरले तर मी तिथेच नाही म्हणते. आणि हो, "फॉस्टर फेल" हा शब्द लोक कौतुकानं वापरतात, म्हणजे सांभाळायला आणलं आणि ठेवूनच घेतलं. मीही एकदा केलंय. त्यानंतर माझी ती खोली पुढच्या कुणासाठी उरली नाही.

तरीही बॉटल बेबीच आणायचं मनात असेल तर आधी रिकाम्या घरात तीन रात्री दर दोन-तीन तासांचा गजर लावून उठून बघा. प्रत्येक वेळी वीस मिनिटं जागं राहायचं, पाणी कोमट करायचं, बाटली धुवायची. तिसऱ्या रात्री गजर ऐकूच आला नाही, तर फोनवर मोठा बोका मागा.