स्ट्राइकआउट मोजावेत कसे? फॅनग्राफ्सच्या पिचर-तक्त्यांचे परीक्षण

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक देऊन बॅटरला बाद करणे) चटकन आपलासा वाटतो, कारण त्याची जात आपल्या त्रिफळाचीतची आहे: झेल सुटण्याची धास्ती नाही आणि बळीचे जवळजवळ सगळे श्रेय चेंडू टाकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या, पदरी पडते. पण सामन्याची सुरुवात करून पाच-सहा इनिंग (तीन-तीन बळींचे डाव) सांभाळणाऱ्या पिचरची खरी किंमत या आकड्यावरून ठरवता येते का, हा प्रश्न मी गेली काही वर्षे फॅनग्राफ्स या बेसबॉलच्या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या तक्त्यांवर तपासून पाहत आलो आहे. डेव्हिड ॲपलमन यांनी २००५ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ बहुतांश आकडेवारी विनामूल्य देते. वर्गणी भरणाऱ्यांना जाहिरातींशिवाय वाचता येते.

पिचिंगचे पान उघडले की प्रथम ‘डॅशबोर्ड’ हा तक्ता समोर येतो आणि त्यात स्ट्राइकआउट नऊ इनिंगमागे किती, या जुन्या मापाने दिलेले असतात. माझ्या मते ही मांडणी नवख्या वाचकाची दिशाभूल करते. समजा, एका पिचरने एका इनिंगमध्ये तीनच बॅटरना तोंड दिले आणि त्यांतल्या एकाला स्ट्राइकआउट केले. दुसऱ्याने एक हिट (फटका मारून बेस गाठणे) आणि एक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) देऊन पाच बॅटर पाहिले आणि त्याच्याही खात्यावर एकच स्ट्राइकआउट जमा झाला. नऊ इनिंगच्या मापाने दोघेही ९ वरच उभे राहतात, म्हणजे अधिक बॅटर बेसवर जाऊ देणाऱ्याला जास्तीच्या संधीचे फळ मिळते. बॅटरमागे हिशेब केला की पहिला ३३ टक्क्यांवर आणि दुसरा २० टक्क्यांवर येतो. हा हिशेब ‘ॲडव्हान्स्ड’ तक्त्यात आहे, आणि त्याच्या शेजारी स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा केलेला स्तंभही आहे. सुरुवातीच्या पिचरविषयी एकच आकडा पाहायचा असेल, तर मी हाच स्तंभ पाहतो.

स्ट्राइकआउटला इतके महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन यांनी मांडलेल्या विचारात सापडते: बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचे पुढे काय होणार, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून फारच कमी असतो. फॅनग्राफ्सवरचा फिप हा क्षेत्ररक्षणाचा भाग वगळून पिचरला मोजणारा आकडा (कमी तितका चांगला) त्याच विचारावर उभा आहे. त्यात होम रनला (आपल्या षटकारासारखा कुंपणापार गेलेला फटका) १३, वॉक आणि अंगावर लागलेल्या चेंडूला ३ आणि स्ट्राइकआउटला उणे २ असे वजन देऊन बेरजेला इनिंगने भागतात व एक स्थिरांक मिळवतात. मार्क बर्ली या पिचरचा २३ जुलै २००९ चा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोहोचलेला सामना) आठवून पाहावा. सत्तावीस बळींपैकी स्ट्राइकआउट केवळ सहा होते, आणि नवव्या इनिंगच्या आरंभीच गेब कॅपलरने मारलेला चेंडू कुंपणाबाहेर निघाला होता. त्याच इनिंगला मैदानात आलेल्या क्षेत्ररक्षक ड्वेन वाइजने भिंतीपाशी उडी घेतली, चेंडू ग्लोव्हमधून निसटला आणि खाली कोसळता कोसळता त्याने तो मोकळ्या हाताने पकडला. बर्लीचे कौशल्य वादातीत आहे, परंतु त्या क्षणी त्याच्या हाती पाहत राहण्यापलीकडे काही उरले नव्हते.

उलट बाजूची उदाहरणेही याच तक्त्यांत सापडतात आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चिएन-मिंग वांगने २००६ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून २१८ इनिंगमध्ये अवघे ७६ स्ट्राइकआउट घेऊन १९ सामने जिंकले, कारण त्याचा सिंकर (शेवटी खाली बुडणारा चेंडू) बॅटरला चेंडू जमिनीवरच मारायला लावत असे. २०२३ मध्ये अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २८१ स्ट्राइकआउट घेतले, तरी त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, कमी तितक्या चांगल्या) ३.८६ राहिला, सॅन डिएगोच्या ब्लेक स्नेलने ९९ वॉक देऊनही २.२५ ईआरए राखला आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला. फिप मात्र स्ट्रायडरचा २.८५ आणि स्नेलचा ३.४४ होता. ईआरए आणि फिप यांतला फरक दाखवणारा स्तंभ मला या संकेतस्थळावरचा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण धावा कुणामुळे वाचल्या वा गेल्या, ही चौकशी तिथून सुरू होते. तो निकाल मात्र देत नाही: काइल हेंड्रिक्सने २०१६ मध्ये २.१३ ईआरए राखला तेव्हा शिकागो कब्जचे क्षेत्ररक्षण असामान्य होते हे खरे, पण बॅटरला चेंडू नीट मारू न देण्याची त्याची हातोटीही खरीच होती, आणि फिपला ती दिसत नाही. त्यासाठी चेंडूचा माग काढणाऱ्या ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणेचा तक्ता उघडून चेंडू बॅटवरून किती वेगाने निघाला, हे पाहावे लागते.

नोलन रायनचे कारकिर्दीतले ५,७१४ स्ट्राइकआउट हा आजही विक्रम आहे, पण वॉकचा २,७९५ हा विक्रमही त्याचाच आहे आणि साय यंग पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. ग्रेग मॅडक्सने ३,३७१ स्ट्राइकआउट केवळ ९९९ वॉक देऊन घेतले आणि तो पुरस्कार सलग चार वर्षे जिंकला. वेगवेगळ्या काळांतल्या अशा पिचरची तुलना करताना त्या त्या वर्षीच्या सरासरीला १०० धरून दिलेले आकडे फार उपयोगी पडतात, कारण २०१८ मध्ये संपूर्ण लीगमध्ये प्रथमच हिटपेक्षा स्ट्राइकआउट अधिक झाले आणि जुना २० टक्क्यांचा पिचर आजच्या मोजपट्टीवर उगीचच खुजा दिसतो.

या संकेतस्थळाचा शब्दकोशही वाचण्यासारखा आहे. स्ट्राइकआउटची टक्केवारी साधारण ७० बॅटरनंतर भरवशाची होऊ लागते, वॉकच्या टक्केवारीला १७० च्या आसपास बॅटर लागतात आणि मैदानात पडलेल्या चेंडूंवरच्या हिटचे प्रमाण स्थिरावायला सुमारे दोन हजार चेंडू जावे लागतात, असे तिथे नोंदवले आहे. म्हणजे तीन-चार सामने झाले की एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच, ईआरए अजून हेलकावे खात असताना, सुरुवातीच्या पिचरविषयी काहीतरी ठाम बोलता येते. ‘ॲडव्हान्स्ड’ तक्ता उघडण्यासाठी मी दरवर्षी त्याच आठवड्याची वाट पाहतो. मात्र तेव्हा किमान इनिंगची अट कमी करून घ्यावी, नाहीतर पहिल्याच फेरीत दुखापत झालेले आणि उशिरा संघात आलेले चांगले पिचर यादीतून गळून जातात.