शिडाची होडी की गाडी आणि जंगलजेट्टी? सोलापुरातून किनारसफरीला निघणाऱ्या दोघांसाठी

मुरुडला आत्या, दापोलीला मावशी, गुहागरला चुलत दीर, रत्नागिरीला भाची. अशी नात्यातली घरं किनाऱ्यावर असली की आठवडाभर सुट्टी काढून ती सगळी करावीत आणि जमलं तर समुद्रातून जावं, हा विचार सुचतोच. पर्याय तीन आहेत: तांडेलासह (होडी चालवणाऱ्यासह) भाड्याची शिडाची होडी, स्वतःची गाडी आणि खाड्यांवरच्या जंगलजेट्ट्या, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी, किंवा कोकण रेल्वे. निर्णय पैशांपेक्षा एका गोष्टीवर ठरतो. नातेवाइकांना तारीख हवी असते आणि होडीला वारा. दोन्ही एकाच वेळी मिळतीलच असं नाही.

रेल्वेचा विचार लवकर संपतो. कोकण रेल्वे समुद्रापासून बरीच आतून जाते. दापोलीसाठी खेडला आणि गुहागरसाठी चिपळूणला उतरून पुढे एसटी धरावी लागते. शिवाय सोलापूरहून आधी पनवेल किंवा ठाणे गाठायचं. एकाच घरी जायचं असेल तर ठीक. चार घरांसाठी बॅगा चढवण्या-उतरवण्यातच जीव जातो.

खरी तुलना उरलेल्या दोनांत आहे.

होडीने जायचं तर दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी जमिनीवरून मतलई वारे येतात आणि दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. मुंबईहून रत्नागिरीकडे जाताना दोन्ही उपयोगी पडतात. उलट जाताना दुपारचा वारा तोंडावर येतो, नागमोडी जावं लागतं आणि अंतर दीडपट होतं. सोलापूरकरांना हीच दिशा सोयीची आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, होडीने रत्नागिरी, आणि परत येताना आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा असा राष्ट्रीय महामार्ग १६६, जो थेट सोलापुरात येतो. म्हणजे एकाही रस्त्यावरून दोनदा जावं लागत नाही.

अंतर काढायची युक्ती सोपी आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि आपला किनारा जवळपास सरळ दक्षिणोत्तर. मुंबई बंदराचं तोंड १८ अंश ५४ मिनिटं, मुरुड-जंजिरा १८ अंश १८, हर्णै १७ अंश ४९, दाभोळ १७ अंश ३५, जयगड १७ अंश १८, रत्नागिरी १७ अंशांच्या आसपास. वजाबाकी केली की टप्पे मिळतात: ३६, २९, १४, १७, १८. वळणं धरून एकूण १२० ते १३० मैल. मध्यम आकाराची शिडाची होडी ताशी ५ मैल सरासरीने जाते, म्हणजे मुंबई-मुरुड हा एकच टप्पा सात-आठ तासांचा. बाकीचे सहा तासांत किंवा त्याआधीच आटोपतात. रात्री मात्र जाऊ नये. किनाऱ्याजवळ मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट आणि बिनदिव्याचे बोये असतात. दोर पंख्यात गुंडाळला की इंजिन गेलंच, आणि अंधारात पाण्याखाली उतरून तो कापणं जिवावर बेतू शकतं. प्रवासाचे पाच दिवस, पाहुणचाराचे दोन, वाऱ्यासाठी राखीव एक, आणि येण्याजाण्याचे दोन. दहा दिवसांची रजा नसेल तर होडीचा नाद सोडा.

आता नातेवाईक. नकाशावर घर समुद्राला लागून दिसतं, पण तिथे उतरता येईलच असं नाही. गुहागरचा किनारा उघडा आहे. दुपारच्या वाऱ्यावर लाटा फुटायला लागल्या की छोट्या डिंगीतून साडी-पिशव्यांसह उतरणं म्हणजे भिजणं नक्की, उलटणं शक्य. होडी दाभोळच्या खाडीत नांगरावी, फेरीबोटीने धोपाव्याला जावं, तिथून रिक्षा किंवा एसटीने गुहागर. दापोलीची मावशीही दाभोळहून किंवा हर्णैहून जमते. जयगडची खाडी चांगली आडोशाची आहे, तिथून गणपतीपुळ्याला गाडी करता येते. हर्णैला सुवर्णदुर्गाचा थोडा आडोसा मिळतो, पण वायव्येचा वारा वाढला की रात्रभर होडी डोलते आणि झोप लागत नाही. मुक्काम किनाऱ्यावरच्या घरी असेल तर प्रश्न नाही, तांडेल होडीवर थांबतो.

नांगर टाकल्यापासून पाहुण्यांच्या दारात पोचेपर्यंत दोन तास सहज जातात. म्हणून भेट संध्याकाळची ठेवा, जेवण रात्रीचं. दुपारी मासे, सोलकढी आणि आग्रहाचा भात खाऊन दोन वाजता होडीत चढणं ही मळमळीला दिलेली हाक आहे, कारण दुपारच्या वाऱ्याने तेव्हाच लाटा वाढायला लागतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

भरती-ओहोटी दोन्ही पर्यायांत बघावी लागते. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपास हा बऱ्यापैकी जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. दाभोळच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यामुळे आत शिरायचं ते चढत्या पाण्यावरच. उतरत्या पाण्यावर होडीचा तळ टेकला तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

गाडीवाल्यांनाही ओहोटी त्रास देते, फक्त कमी. पाणी उतरलं की जंगलजेट्टीचा उतार तीव्र होतो आणि कमी उंचीच्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. तिरकं आणि सावकाश चढवावं. मार्ग असा: पुणे, ताम्हिणी, माणगाव, मुरुड, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेऱ्या. प्रत्येक पाण्यावर थोडाच वेळ असते, पण चुकली तर वळसा मोठा पडतो. दाभोळची शेवटची फेरी गेली की खेड-चिपळूण फिरून यावं लागतं. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. सहा-सात दिवसांत चारही घरं होतात, आणि कुणाकडे एक रात्र जास्त राहिलात तर कुणाचा खोळंबा होत नाही.

खर्चात एक गोष्ट लपलेली असते. होडी रत्नागिरीला सोडली तरी ती मुंबईला परत न्यायची असते, तीही वाऱ्याविरुद्ध. ते दिवस, डिझेल आणि खलाशांचा रोज भाड्यात धरला आहे का, हे लेखी घ्या. गेटवेजवळ तासांवर मिळणाऱ्या होड्या पुष्कळ, अशा लांबच्या सफरीला तयार होणारे थोडे. लाइफ जॅकेट मापाचं आहे का, व्हीएचएफवर (होडीवरच्या रेडिओवर) मदत मागायची १६ नंबरची वाहिनी चालते का, हे चढण्याआधी बघा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. ओळखपत्रं जवळ हवीत, सागरी पोलीस तपासतात.

सामानात सोलापूरकरांची बाजू वरचढ. कडक भाकरी आणि शेंगाचटणी फ्रीजशिवाय टिकतात, मात्र खाऱ्या दमट हवेत भाकरी दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात. भेटीच्या चादरी गाडीत कितीही न्या; होडीत दोनच, जाड प्लास्टिकमध्ये. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर.

तारखा संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, बऱ्या. मार्चमध्ये शिमगा असेल तर कोकणातली घरं पालख्यांच्या गडबडीत असतात. आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. जूनपासून होडीचा प्रश्नच नाही.

तीन किंवा जास्त घरं, ठरलेल्या तारखा, सोबत साठीपुढचं कुणी: गाडी. दोनच घरं आणि दहा मोकळे दिवस: होडी. आणि दोन्हींचा मोह असेल तर गाडीनेच जावं, नि मुंबई-मांडवा रो-रो बोटीत गाडी चढवून तेवढा तासाभराचा समुद्र घ्यावा. मांडव्याहून अलिबाग-मुरुडचा रस्ता सरळ पुढच्या जंगलजेट्टीला मिळतो.