सीडेड की अनसीडेड? क्ष-किरण लेसरवर वेळ मागण्याआधी

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरवर, म्हणजे प्रचंड वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून प्रकाशाचे तीव्र स्पंद मिळवणाऱ्या यंत्रावर, प्रयोगासाठी अर्ज करताना ‘सीडेड (तयार प्रकाशाचं बीज देऊन वाढवलेले) स्पंद हवेत’ असं अनेकदा सरसकट लिहिलं जातं, जणू सीडेड म्हणजे वरचा दर्जा. तसं नाही. आधी ठरवा की प्रयोगाला प्रकाशाची फेज (लहरीची शिखरं नेमकी कुठे पडतात ते) ताब्यात हवी आहे, वर्णरेषा बारीक, म्हणजे प्रकाश जवळजवळ एकरंगी हवा आहे, की नुसते भरपूर फोटॉन कमीत कमी वेळात हवेत.

बीज नसलेल्या पद्धतीला ‘सासे’ म्हणतात. त्यात सुरुवात होते इलेक्ट्रॉनांच्या गुच्छातल्या नैसर्गिक गोंगाटातून. अंड्युलेटरमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नागमोडी नेणाऱ्या चुंबकांच्या रांगेतून, जाताना तोच गोंगाट वाढतो, इलेक्ट्रॉन तरंगलांबीच्या अंतराने पातळ थरांत गोळा होतात आणि एकदमच प्रकाश सोडतात. झोताच्या आडव्या दिशेची सुसंगती (लहरी एका तालात असणं) उत्तम मिळते. काळाच्या दिशेने मात्र स्पंद अनेक सुट्या शिखरांचा असतो, त्या शिखरांच्या फेजचा आपसांत काही संबंध नसतो, आणि दर शॉटला, म्हणजे प्रत्येक स्पंदागणिक, वर्णपट बदलतो. तरीही २००९ मध्ये अमेरिकेतल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरने ०.१५ नॅनोमीटरची तरंगलांबी गाठली ती अशीच. सूक्ष्म स्फटिकांवरून प्रथिनांची रचना काढायची असेल तर बहुतेक वेळा एवढं पुरतं. बीजाचा हट्ट कशाला?

फेज हवी असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे इटलीतल्या त्रिएस्ते इथलं ‘फर्मी’ हे मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर यंत्र पाहावं. तिथे सुमारे २६० नॅनोमीटरचा अतिनील लेसर पहिल्या अंड्युलेटरमध्ये इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर लाटा उठवतो. पुढची चुंबकांची वळणवाट त्या लाटांचं घनतेच्या पट्ट्यांत रूपांतर करते आणि दुसरा अंड्युलेटर त्यातला हवा तो हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीतला प्रकाश) उचलतो. फेज लेसरकडून आल्यामुळे ती नियंत्रणात राहते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६३ नॅनोमीटर आणि त्याचा दुसरा हार्मोनिक निऑनवर एकत्र सोडले होते. दोघांमधली फेज सुमारे ३ अ‍ॅटोसेकंदांच्या अचूकतेने (अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग) सरकवली, तसं इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूला जास्त उडतात ते बदलत गेलं. सासेच्या प्रकाशावर हे जमणारं नव्हतं. शिवाय पंप लेसर आणि बीज एकाच मूळ लेसरमधून घेता येतात, त्यामुळे पंप-प्रोब प्रयोगातली (एका स्पंदाने बदल सुरू करून दुसऱ्याने तो टिपायच्या प्रयोगातली) वेळेची डळमळ फार कमी होते. माझ्या मते बाहेरच्या बीजाचा हा फायदा फेजइतकाच मोलाचा आहे, पण अर्जांत त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो.

याची किंमत तरंगलांबीत मोजावी लागते. हार्मोनिक जितका वरचा, तितकी ऊर्जेची लाट मोठी करावी लागते, आणि ती फार वाढली की पुढचं प्रवर्धनच खुंटतं. बीजातल्या फेजच्या चुकाही हार्मोनिकच्या पटीत फुगतात. म्हणून फर्मी एका टप्प्यात साधारण २० आणि दोन टप्प्यांत ४ नॅनोमीटरपर्यंत जातं. गेन्नादी स्तुपाकोव यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘एको’ पद्धत दोन लेसर वापरून कमी लाटेत वरचा हार्मोनिक काढते. २०१९ मध्ये फर्मीवर तिने ५.९ नॅनोमीटरला लेसर चालला. पण कठीण, म्हणजे फार आखूड तरंगलांबीचे, क्ष-किरण यातून अजून खूप दूर आहेत.

तिथे पर्याय सेल्फ-सीडिंगचा. एलसीएलएसवर २०१२ मध्ये सासेचा स्पंद हिऱ्याच्या पातळ स्फटिकातून नेला. त्यामागे रेंगाळणारा एकरंगी प्रकाश पुढच्या अंड्युलेटरमध्ये बीज ठरला. ८ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट फोटॉन-ऊर्जेच्या आसपास वर्णपट ४०-५० पट अरुंद होऊन अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत आला. रेषा बारीक हवी तर हेच घ्या. मात्र बीज शेवटी गोंगाटातूनच उचललेलं असल्याने तीव्रता शॉटमागून शॉट जोरात हेलकावे खाते आणि फेज कुणाच्याच हातात नसते.

आता स्पंदाच्या लांबीचा, म्हणजे कालावधीचा, प्रश्न. गॉसियन (घंटेच्या आकाराच्या) स्पंदात कालावधी आणि ऊर्जारुंदी यांचा गुणाकार १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट-फेमटोसेकंदांच्या खाली जात नाही (एक फेमटोसेकंद म्हणजे हजार अ‍ॅटोसेकंद). अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदी म्हणजे किमान साडेतीन फेमटोसेकंद. ३०० अ‍ॅटोसेकंद हवे तर रुंदी ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दोन्ही एकत्र मागू नका. बाहेरच्या बीजाचा स्पंद बीजाच्या लांबीला बांधलेला असतो: १०० फेमटोसेकंदांचं बीज आठव्या हार्मोनिकला पन्नास-साठ फेमटोसेकंदांपर्यंतच आखडतं.

गंमत अशी की काही शे अ‍ॅटोसेकंदांचे सुटे क्ष-किरण स्पंद एलसीएलएसवर मिळाले ते बीजाविना. गुच्छाचा एवढासाच भाग प्रकाश देईल अशी व्यवस्था केली की एकच शिखर उरतं, आणि एकटं शिखर स्वतःपुरतं सुसंगतच असतं. फक्त त्याची ऊर्जा आणि फेज दर शॉटला वेगळी येते. प्रत्येक शॉट मोजून नंतर वर्गवारी करायची तयारी असेल तर माझा कौल यालाच.

शेवटचा निकष रुक्ष आहे, पण अर्ज त्यावर अडतो: सेकंदाला स्पंद किती? फर्मी कमाल ५०, तर जर्मनीतलं युरोपियन एक्सएफईएल हे क्ष-किरण लेसर कमाल २७,०००. एकेका रेणूचे सगळे तुकडे एकत्र टिपायचे असतील, तर प्रत्येक शॉटमध्ये घटना फार थोड्या घडू द्याव्या लागतात. तिथे ५० च्या वेगाने पुरेशी आकडेवारी मिळवणं जिकिरीचं होतं.