गोष्ट पुढे ऐकायची तर बूट चढवा: व्यायाम आणि ऑडिओबुक, काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑडिओबुक ऐकत व्यायाम करून माझा धावण्याचा वेग वाढला नाही की जास्त वजन उचलता आलं नाही. वाढली ती नियमितता. व्यायामाला उठायच्या आधी मनाशी रोज जी घासाघीस चालायची, ती जवळजवळ थांबली. व्यायाम करावासा वाटतो, कसा करायचा तेही ठाऊक आहे, पण दिवस मात्र ‘उद्यापासून’वर ढकलले जातात, अशा प्रत्येकाला मी हा उपाय मनापासून सुचवेन. ज्यांना पाच किलोमीटरची वेळ कमी करायची आहे त्यांचं काम यानं होणार नाही, त्यांच्यासाठी संगीतच बरं.

या उपायाचं सगळं बळ एका अटीत आहे: ते पुस्तक व्यायामाशिवाय ऐकायचं नाही. प्रवासात नाही, घरकाम करताना नाही, झोपायच्या आधी तर नाहीच. दिवसभर कधीही ऐकायला मिळालं तर गोष्ट पुढे सरकतच राहते आणि व्यायामाची वाट बघायचं कारणच उरत नाही. इतर वेळी ऐकायला बातम्या, गाणी, गप्पांचे पॉडकास्ट खुशाल ठेवा. पण ज्या पुस्तकाची ओढ लागली आहे ते राखून ठेवायचं. मी हे पुस्तक फक्त मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात उतरवून ठेवते, फोनवर ते नसतंच. व्यायामाच्या वेळी इअरबड्स घड्याळाला जोडले की गोष्ट सुरू, घड्याळ चार्जिंगला लावलं की बंद. हात चटकन फोनकडे जातो, घड्याळातलं पुस्तक शोधून लावायला मात्र मुद्दाम ठरवावं लागतं. एवढा अडसर मला पुरतो.

ही कल्पना माझी नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासून पाहिलं आणि २०१४ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. २२६ जणांचे तीन गट होते. पहिल्या गटातल्या लोकांना त्यांनी स्वतःच निवडलेल्या, हातातून सोडवणार नाहीत अशा कादंबऱ्या आयपॉडवर भरून दिल्या, पण तो आयपॉड जिममध्येच कुलुपात राहायचा. दुसऱ्या गटाच्या स्वतःच्या आयपॉडवर कादंबऱ्या दिल्या आणि जिमबाहेर ऐकू नका असं नुसतं सुचवलं. तिसऱ्या गटाला तसं काहीच नाही. सुरुवातीला पहिला गट तिसऱ्यापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिममध्ये आला आणि दुसरा २९ टक्के. म्हणजे नुसत्या निश्चयानंही फरक पडतो, पण कुलूप असेल तर खूपच जास्त. मला त्यातली सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रयोग संपल्यावर, असं कुलूप चालू ठेवायला पैसे मोजाल का, असं विचारलं तेव्हा ६१ टक्के लोक तयार झाले. स्वतःची आवडती गोष्ट स्वतःपासूनच दूर ठेवायला माणसं पैसे द्यायला तयार होतात, कारण आपलं मन कुठे घसरतं हे त्यांना पक्कं माहीत असतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मध्यंतरी एक रहस्यकादंबरी चालू होती. तपास अधिकारी महिनाभर बंद असलेल्या घराचं कुलूप तोडून आत जातो. धूळ, जळमटं, पंख्यावर कोळ्याची जाळी. तो स्वयंपाकघरात येतो, सहज किटलीला हात लावतो आणि ती कोमट लागते. इथे माझी वेळ संपली. ट्रेडमिलचा पट्टा आपोआप मंदावला, घामानं निसटणारा डावा इअरबड मी पुन्हा बसवला आणि थंड होण्याची पाच मिनिटं चालले ती पुढचं वाक्य ऐकत. मग बंद. त्या दिवशी काम करताना दोनतीनदा ती किटली डोळ्यांसमोर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना कंटाळा आला की नाही हे आठवतही नाही, कारण मी व्यायामाला निघालेच नव्हते, किटली कोणी तापवली ते बघायला निघाले होते.

म्हणून प्रकरण संपलं की थांबायचं, ही वाचनाची जुनी सवय इथे मोडायला हवी. प्रकरणाच्या शेवटी मन समाधानानं थांबतं. भर प्रसंगात थांबलं तर ते अडकून राहतं, आणि आपल्याला ते अडकलेलंच हवं आहे. मासिकातल्या कादंबरीच्या हप्त्याखाली ‘क्रमशः’ छापलेलं असायचं तेव्हा पुढच्या अंकाची वाट आपण अशीच बघायचो.

आता कोणत्या व्यायामाला हे चालतं. चालणं, सायकलवर संथ पेडल मारणं, ट्रेडमिलवर चढ लावून चालणं, हळू पळणं, शेवटचं स्ट्रेचिंग, या सगळ्याला उत्तम. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती जाणवतात हे सांगणारं ६ ते २० असं एक माप दिलं आहे, त्यात १३ म्हणजे ‘थोडं कठीण’. माझ्या अनुभवात तिथपर्यंत गोष्ट नीट कानात शिरते. त्याच्या वर गेलं की आवाज येत राहतो, पण शब्द लागत नाहीत. यामागे कारण आहे. व्यायाम आणि संगीतावर अनेक वर्षं काम केलेल्या कोस्टास कारागिऑर्गिस यांच्या संशोधनातही हेच येतं: श्रम मध्यम असतात तोवर बाहेरचा आवाज लक्ष दुसरीकडे वळवू शकतो. श्रम खूप वाढले की धाप, पाय, छाती यांच्याकडून येणारे इशारे लक्ष स्वतःकडे ओढून घेतात. संगीताला तिथेही ठेक्याचा आधार असतो, पावलं त्या लयीवर पडतात. बोलण्याला असा ठेका नाही. म्हणून इंटरव्हलच्या, म्हणजे आलटूनपालटून जोरात आणि हळू पळण्याच्या दिवशी मी पुस्तक लावतच नाही. अर्धवट ऐकलेलं प्रकरण परत मागे नेऊन ऐकायचं म्हणजे गोष्टीचीही गंमत जाते आणि व्यायामाचीही.

वजनांचा व्यायाम मधल्या जागी येतो. सेटच्या मधल्या विश्रांतीत पुस्तक सुंदर सोबत करतं, प्रत्यक्ष सेटमध्ये मात्र मोजणीशी भांडतं. खांद्याचा सेट चालू आहे, मनात सात, आठ, नऊ, आणि निवेदक म्हणतो, ‘त्या वेळी तो अकरा वर्षांचा होता.’ पुढचा आकडा दहा की बारा? डंबेल डोक्यावर धरून हा प्रश्न सोडवता येत नाही. चरित्रं आणि इतिहास यात जास्त त्रास देतात, कारण पानोपानी सनावळ्या. त्या दिवशी मी आकडे नसलेली कथा लावते, किंवा सेट मोजण्याऐवजी ठरावीक सेकंदांचा टायमर लावते, घड्याळ मनगटावर थरथरलं की थांबायचं. श्वासावर लक्ष ठेवून करायच्या व्यायामात, प्राणायामात किंवा योगासनांत, कानात दुसऱ्याचा आवाज नकोच. पोहणाऱ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: ब्लूटूथचे तरंग पाण्यात फार जात नाहीत, त्यामुळे तलावासाठी ज्यात फाइल आतच साठवता येते असा जलरोधक प्लेअर लागतो.

पुस्तक निवडताना विषयाइतकाच, किंबहुना विषयापेक्षा जास्त, निवेदक महत्त्वाचा. आधी नमुना ऐका, आणि तोही चालता चालता. खुर्चीत बसून जो आवाज खोल आणि संयत वाटतो, तोच धापेत पुटपुटल्यासारखा लागू शकतो. नाट्यमय वाचनात दुसरी अडचण येते, कुजबूज इतकी हळू आणि आरडाओरडा इतका मोठा की ट्रेडमिलच्या घरघरीत दर मिनिटाला आवाज कमीजास्त करावा लागतो. एका पातळीत, स्पष्ट उच्चारांत, पात्रांचे आवाज किंचित बदलून वाचणारा निवेदक व्यायामासाठी सर्वांत चांगला. असा एक निवेदक मला सापडला आणि त्यानं वाचलेली पुस्तकं मी विषय न बघता घेत गेले, एकदाही निराशा झाली नाही. प्रकारांमध्ये रहस्य, साहस, प्रवासवर्णनं आणि मोहिमांच्या कहाण्या जमतात. हिमशिखरावर अडकलेल्या माणसाची हकिगत ऐकताना ट्रेडमिलचा चढ खरोखर हलका वाटतो. भाषेचं सौंदर्य हाच ज्यांचा प्राण आहे अशी पुस्तकं मी हातात घेऊन वाचते, धापेत त्यातल्या वाक्यांवर अन्याय होतो. वेग मी थोडासाच वाढवते, सव्वापटीच्या आतच. दीडपटीनं कथानक कळतं, पण निवेदकाच्या थांबण्यात जो ताण असतो तो निघून जातो, आणि आपण तर त्या ताणासाठीच बूट चढवलेले असतात.

एक तक्रारही आहे. मी वापरलेल्या एका अ‍ॅपमध्ये थांबलेली जागा नीट राहत नसे. काल जिथे थांबले तिथून न उघडता पुस्तक कधी एक प्रकरण मागे, तर कधी पुढे उघडायचं. पुढे उघडणं जास्त वाईट, कारण रहस्यकथेत चुकून चार वाक्यं पुढची ऐकली की संपलं. तेव्हापासून थांबताना बुकमार्क टाकायची सवय लावून घेतली. अ‍ॅप निवडताना मी तीनच गोष्टी बघते: इंटरनेटशिवाय ऐकता येतं का, बुकमार्क सहज टाकता येतो का, आणि तीस सेकंद मागे जाण्याचं बटण मोठं आहे का. शिफारशी आणि बॅजेस यांच्यावाचून काही अडत नाही. पैसे खर्च करण्याआधी ही पद्धत आपल्याला मानवते का हे बघायचं असेल, तर लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर २००५ पासून स्वयंसेवकांनी वाचलेली, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तकं फुकट मिळतात. वाचनाचा दर्जा कमीजास्त असतो, पण चांगले वाचक शोधले की सापडतात.

इअरबड्सना घाम सोसवला पाहिजे. आयपीएक्स४ ही पाणी सोसण्याची पातळी म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारं, घामाला तेवढं चालतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाबायचं खरं बटण. स्पर्शावर चालणाऱ्या पृष्ठभागावर घामाचा थेंब ओघळला की पुस्तक आपोआप थांबतं किंवा उडी मारतं. बाहेर, रहदारीत चालताना मी हाडांतून आवाज पोचवणारे हेडफोन लावते, ते कानात बसत नाहीत, कानासमोर टेकतात, त्यामुळे मागून येणारी गाडी ऐकू येते. त्यांत संगीताचा खर्ज पातळ लागतो, पण बोलणं स्वच्छ येतं. मात्र गर्दीच्या रस्त्यावर ते बोलणं बुडतं आणि आवाज वाढवायचा मोह होतो. तिथे मी गोष्ट थांबवते, आवाज वाढवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुभा निम्मी होत जाते, ८३ ला २० तास, ८६ ला १०. रोज ऐकणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. घरात ट्रेडमिलवर बाहेरचा गोंगाट दाबणारे इअरबड्स याचसाठी चांगले, आवाज पुष्कळ कमी ठेवूनही शब्द कळतात.

आता सगळ्यात नाजूक जागा: पुस्तक संपतं तेव्हा. ज्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे उठलो ते संपलं, आणि नवं पुस्तक पहिल्या वीस मिनिटांत कुणालाच पकडत नाही. तिथे पात्रांची नावं असतात, गावाचं वर्णन असतं, कोण कुणाचं कोण हे लागायचं असतं. व्यायाम चुकण्याचे माझे दिवस बहुतेक याच फटीतले. मिल्कमन यांच्या प्रयोगातही परिणाम हळूहळू ओसरत गेला आणि थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या सणाच्या सुट्टीत जिम बंद राहिल्यावर तर फारच. सवयीत खंड पडला की दोरी तुटते, मग तो खंड सुट्टीनं पडो की पुस्तक संपल्यानं.

यावर मला जमलेला उपाय असा. आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दहा तासांची कादंबरी म्हणजे ६०० मिनिटं, त्या हिशेबानं बरोबर चार आठवड्यांची सोबत. एवढी लांबी मला आदर्श वाटते. तीस तासांच्या ग्रंथाला तीन महिने लागतात आणि मधली पात्रं विसरायला होतात, चार तासांचं पुस्तक रंगात येईपर्यंत संपतं. त्यामुळे शेवट कोणत्या आठवड्यात येणार हे आधीच कळतं. पहिल्या पुस्तकाचे दोनेक तास शिल्लक असतानाच मी दुसरं सुरू करते, पण फक्त वॉर्मअपला आणि स्ट्रेचिंगला. त्याची सुरुवातीची कंटाळवाणी ओळखपाळख त्या सुट्या मिनिटांत उरकते, मुख्य व्यायामाला जुनीच गोष्ट. दुसरं पुस्तक तेवढ्यात पकडत नसेल तर सरळ बदलते, घेतलं म्हणून संपवलंच पाहिजे असा नियम वाचनाला असेल, व्यायामाच्या पुस्तकाला नाही. पहिल्याचा शेवट मात्र लांब चालायच्या दिवसासाठी राखून ठेवते, म्हणजे तो एका दमात ऐकून होतो, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ उघडलं की तिथे एक अर्धवट राहिलेला प्रसंग असतोच.