रिपोर्टिंग सर्व्हर ऑफिसात, क्लाउडवर की लिनक्सवर? नागपूरच्या मध्यम धंद्यासाठी तुलना

कोटेशनसोबत ‘सिस्टिम रिक्वायरमेंट’चा जो कागद येतो, त्यातले आकडे खोटे नसतात. पण ते पाहून मशीन घेऊ नये. पॉवर बीआय म्हणजे धंद्याच्या डेटावरून रिपोर्ट बनवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. ते रिपोर्ट आपल्याच मशीनवरून दाखवणाऱ्या पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरला किमान 1 जीबी रॅम पुरते, असं मायक्रोसॉफ्टच लिहितं. शिफारस 4 जीबीची आहे. एवढ्यावर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, बस. महिनाअखेरीस सेल्सची दहा माणसं एकदम रिपोर्ट उघडतात आणि मागे डेटा रिफ्रेश (हिशेबातून ताजा डेटा ओढणं) चालू असतो, तेव्हाचं गणित वेगळं. रिफ्रेश होत असताना जुना डेटा मेमरीत तसाच राहतो आणि नवा शेजारी भरला जातो. त्यामुळे त्या वेळी जवळपास दुप्पट मेमरी लागते.

ही तुलना इतवारीतला ठोक व्यापारी, हिंगणा किंवा बुटीबोरीतला कारखाना, एखादी वितरण एजन्सी अशांसाठी आहे. हिशेब टॅलीत किंवा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवरच्या ईआरपीत (सगळ्या धंद्याचं एकत्र सॉफ्टवेअर), आणि रिपोर्ट पाहणारे दहा-पंधरा जण. पर्याय तीन: ऑफिसातच पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर, क्लाउडवरची पॉवर बीआय सेवा, किंवा लिनक्सवर मेटाबेस हे रिपोर्टचंच दुसरं सॉफ्टवेअर. माझ्या मते निवड सॉफ्टवेअरच्या फीचरवर होत नाही. डेटा कुठे पडला आहे आणि मशीन बंद पडलं तर उठून कोण जाणार, या दोन गोष्टींवर होते.

आधी टॅली

टॅलीप्राइममधून डेटा ओडीबीसीने (एका सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्याला वाचू देणारी जोडणी) काढता येतो, नेहमीचा पोर्ट 9000. पण त्यासाठी टॅली चालू हवी आणि ती कंपनी उघडलेली हवी. अकाउंटंटने संध्याकाळी टॅली बंद केली की रात्रीचा रिफ्रेश गेला. शिवाय रिपोर्ट बनवायचं पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त 64 बिटमध्ये येतं. टॅली 32 बिट बसवलेली असेल तर तिचा ओडीबीसी ड्रायव्हर यादीत दिसतच नाही, आणि लोक उगाच फायरवॉलशी झटत बसतात.

म्हणून तिन्ही पर्यायांत मध्ये एक डेटाबेस ठेवावा आणि टॅलीतले व्यवहार रोज त्यात ओढावेत. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे. 2022 च्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा होती, 2025 मध्ये ती 50 जीबी झाली. पार्ट्यांची नावं मराठीत असतील तर कॉलम ‘एनव्हारकॅर’ प्रकारचा ठेवायला सांगा, नाहीतर रिपोर्टवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

सर्व्हर आपल्याच ऑफिसात

काही काळापूर्वीपर्यंत मी मध्यम धंद्याला हा पर्याय सुचवला नसता. रिपोर्ट सर्व्हर मिळवायला एसक्यूएल सर्व्हरची एंटरप्राइज आवृत्ती सॉफ्टवेअर अॅश्युरन्ससह (अपग्रेडचा करार), नाहीतर प्रीमियम कपॅसिटी (क्लाउडवर आपल्यासाठी राखलेली मोठी क्षमता) घ्यावी लागे. एसक्यूएल सर्व्हर 2025 पासून तो कुठल्याही सशुल्क आवृत्तीसोबत मिळतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसची नवी आवृत्ती आता येणार नाही. त्यामुळे ज्या कारखान्याच्या ईआरपीसाठी स्टँडर्ड आवृत्ती 2025 घ्यायचीच आहे, त्याच्यासाठी हिशेब बदलला. कोअरप्रमाणे (प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येवर) लायसन्स घेतलंत तर किमान 4 कोअरचं घ्यावं लागतं, हे बजेटमध्ये धरा. कुणी ‘डेव्हलपर एडिशन टाकून देतो, भाऊ, फुकटात’ म्हणालं तर नको म्हणा. ती आवृत्ती रोजच्या कामासाठी वापरण्याची परवानगीच नाही.

मशीन म्हणाल तर 8 कोअर, 32 जीबी रॅम आणि मिररमध्ये (एकाची नक्कल दुसऱ्यावर) दोन एसएसडी, यापेक्षा खाली मी जाणार नाही. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून विंडोज सर्व्हर 2016 घेऊ नका, त्याचा सपोर्ट 12 जानेवारी 2027 ला संपतो. रिपोर्ट बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पॉवर बीआय डेस्कटॉपची रिपोर्ट सर्व्हरसाठीची वेगळी आवृत्ती लागते, तीही सर्व्हरशी जुळणारी. नेहमीच्या, दर महिन्याला अपडेट होणाऱ्या डेस्कटॉपमध्ये केलेली फाइल सर्व्हर नाकारू शकतो.

आता नागपूरची गोष्ट. सर्व्हरच्या कागदावर आत येणाऱ्या हवेचं तापमान साधारण 10 ते 35 अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 च्या वर जातं, आणि बर्डीतल्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात रात्री एसी बंद केला की खोली सकाळपर्यंत तापलेलीच असते. रिफ्रेश नेमका रात्रीचाच लावलेला. सर्व्हरच्या खोलीत कूलर तर लावूच नका. तो दमट हवा आणि धूळ थेट पंख्यात ढकलतो. बोर्डवर पांढरट थर आणि गंजलेले स्क्रू ही त्याचीच देणगी. दोन लहान एसी आळीपाळीने चालणारे, असा खर्च या पर्यायात सर्व्हरच्या किमतीसोबतच लिहा. कोटेशनमध्ये तो कधीच नसतो.

क्लाउड, पण ऑफिसातलं मशीन सुटत नाही

पॉवर बीआय प्रो या क्लाउड लायसन्सची किंमत 1 एप्रिल 2025 पासून माणशी महिना 14 डॉलर झाली, आधी 10 होती. लक्षात ठेवा, नुसता रिपोर्ट पाहणाऱ्यालाही प्रो लागतं. मोठी कपॅसिटी घेतली तरच ते टळतं. बारा जणांचे वर्षाला 2,016 डॉलर, कर वेगळा. एका मॉडेलला (रिपोर्टमागच्या डेटाच्या संचाला) 1 जीबीची मर्यादा आणि दिवसाला 8 शेड्यूल्ड रिफ्रेश. डेटा चांगला दाबून ठेवला जातो, त्यामुळे मध्यम धंद्याला 1 जीबी सहसा पुरतो. दर पंधरा मिनिटांनी स्टॉक पाहायचा असेल तर 8 रिफ्रेश पुरणार नाहीत.

क्लाउड घेतलं की मशीनची कटकट गेली, असं सांगितलं जातं. अर्धंच खरं. ऑफिसातला डेटा वर पाठवायला गेटवे नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि तो एका विंडोज मशीनवर बसतो. मायक्रोसॉफ्टची शिफारस 8 कोअर, 8 जीबी रॅम आणि एसएसडीची आहे. हे मशीन वायरने जोडलेलं हवं, वायफायवर नको. स्लीप बंद. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. पावसाळ्यात लाइट गेली-आली की तिथेच काम अडतं. गेटवे सर्व्हिस म्हणून आपणहून उठतो, टॅली उठत नाही, तिला लॉगिन केलेला माणूस लागतो. फायरवॉलमध्ये बाहेरून आत काहीच उघडावं लागत नाही. आतून बाहेर 443, 5671, 5672 आणि 9350 ते 9354 हे पोर्ट तपासा.

डेटा कुठल्या देशात राहतो, तेही पाहा. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. रिपोर्टचा डेटा म्हणजे वह्या नव्हेत, तरी सीए विचारतोच. खातं उघडताना निवडलेल्या देशावरून जागा ठरते, नंतर बदलणं अवघड. पॉवर बीआयच्या ‘अबाउट’ पानावर ती दिसते.

मेटाबेस

ओपन सोर्स आवृत्ती फुकट आहे. या आकाराच्या ऑफिसला 2 कोअर आणि 4 जीबी पुरतात, विंडोजचं लायसन्स नको. सोबत येणारा एचटू डेटाबेस मात्र पहिल्याच दिवशी काढून पोस्टग्रेस हा डेटाबेस जोडा. अडचण दुसरीकडे आहे: वर्ध्याच्या सेल्समनला फक्त वर्धाच दिसावं, ही सोय सशुल्क आवृत्तीत आहे. शिवाय लिनक्स जाणणारा माणूस हाताशी हवा.

निवडायचंच झालं तर टॅलीवर चालणाऱ्या व्यापाऱ्याने क्लाउड आणि एक चांगलं गेटवे मशीन घ्यावं. एसक्यूएल सर्व्हर 2025 स्टँडर्ड घेणाऱ्या, थंड सर्व्हर रूम आणि स्वतःचा आयटी माणूस असलेल्या कारखान्याने रिपोर्ट सर्व्हर. डेटा आधीच मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये असेल आणि सगळ्यांनी सगळं पाहिलं तरी चालत असेल, तर मेटाबेसवर पैसे वाचवा.

डेमो विक्रेत्याच्या नमुना डेटावर पाहू नका, आपल्या मागच्या मार्चच्या डेटावर करायला लावा. आकडे लाख-कोटीत दाखवा म्हणा. पॉवर बीआय आपणहून ‘एम’ आणि ‘बीएन’ (मिलियन, बिलियन) दाखवतं, लाख-कोटीसाठी वेगळं फॉरमॅट लिहावं लागतं. ते काम कोटेशनमध्ये धरलंय का, तेवढं तिथेच विचारून घ्या.