काकांचं पान: आपणच दुरुस्त करावं की चर्चापानावर सांगावं?

घरातल्या किंवा गुरुस्थानी असलेल्या व्यक्तीच्या विकिपीडिया पानावर चूक दिसली की हात शिवशिवतात. वाटा तीन आहेत: स्वतः संपादन करणं, चर्चापानावर (प्रत्येक लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर) बदल सुचवणं, नाहीतर पैसे मोजून करून घेणं.

तिसरी वाट सोडाच. मोबदला घेऊन लिहिणाऱ्यानं आपण कुणासाठी लिहितो हे उघड करावं, अशी अट २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींतच आहे. त्याच्या आदल्या वर्षी इंग्रजी विकिपीडियानं अशा छुप्या व्यावसायिक लेखनाच्या संशयावरून अडीचशेहून जास्त खाती बंद केली होती. म्हणजे पैसे जातात, आणि पानावर संशय बसतो तो वेगळाच.

स्वतः संपादन करणं एका बाबतीत मात्र योग्यच आहे: जिवंत व्यक्तीविषयी बिनसंदर्भ बदनामीकारक मजकूर असेल तर तो तत्काळ काढावा. अमेरिकी पत्रकार जॉन सीगेन्थॅलर यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारी थाप २००५ साली सुमारे चार महिने तशीच पडून होती. अशा वेळी परवानगीची वाट पाहू नये. काढताना संपादन-सारांशात (बदल जतन करताना भरायच्या छोट्या चौकटीत) कारण आणि आपलं नातं लिहावं, एवढंच.

पुरस्कार, कार्य, वाद, मोठेपणा असं बाकी सगळं चर्चापानावर मांडावं. आपल्याला ठाऊक असणं तिथे पुरत नाही. कादंबरीकार फिलिप रॉथ यांनाही २०१२ साली स्वतःच्या कादंबरीमागच्या प्रेरणेबद्दल दुय्यम संदर्भ, म्हणजे स्वतःच्या शब्दापलीकडचा प्रसिद्ध झालेला आधार, मागितला गेला. त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये खुलं पत्र प्रसिद्ध केलं आणि त्यांचं म्हणणं पानावर आलं. मला हा नियम कठोर वाटतो, तरी पटतो. रॉथ यांना सूट दिली तर प्रत्येक पुतण्याला द्यावी लागेल.

खरी अडचण संदर्भांची. आपल्याकडे सर्वांत सहज हाताशी येतो तो अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ. तो छापील असतो, जाडजूड असतो, पण लिहिणारे शिष्य आणि स्नेही असतात. जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं यांसाठी तो चालेल, ‘युगप्रवर्तक’ या विशेषणासाठी नाही. वाढदिवसाच्या पुरवणीतले लेख त्याहून कच्चे. २००९ च्या निवडणुकांत बातमीच्या रूपात छापलेल्या जाहिरातींवर प्रेस कौन्सिलला अहवाल तयार करावा लागला, तेव्हा ‘पेपरात आलंय’ एवढ्यावर थांबू नये. लेखाखाली वार्ताहराचं नाव आहे का, पानावर ‘जाहिरात’ असं बारीक अक्षरात आहे का, हे बघावं. मराठी विश्वकोशातली नोंद, विद्यापीठातला प्रबंध किंवा व्यक्तीशी संबंध नसलेल्या समीक्षकाचा लेख मिळाला तर तो आधी द्यावा, चार ओळींचा असला तरी.

चर्चापानाचा तोटाही आहे. मराठीत सक्रिय संपादक मोजके, त्यामुळे विनंती आठवडेच्या आठवडे पडून राहू शकते. तेवढ्यावरून स्वतः बदल करू नये. चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, आठवण द्यावी. विनंतीत आत्ताचं वाक्य, हवं असलेलं वाक्य आणि संदर्भ पृष्ठक्रमांकासह द्यावा. पहिल्या ओळीत ‘मी त्यांची पुतणी आहे’ असं लिहून टाकावं.