कॉनी स्मिथचा पहिला अल्बम: जिम रीव्हजच्या पुढे कोणी ऐकलंच नसेल तर इथून सुरू करा

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू १९६५ च्या अमेरिकन कंट्री रेकॉर्डचा आहे, तेव्हा 'नवीन काय आलंय' बघायला आलेल्यांनी पुढच्या दुकानात जावं. अल्बमचं नाव 'कॉनी स्मिथ', गायिकेचंच नाव, पहिलाच अल्बम होता म्हणून आरसीए व्हिक्टरवाल्यांनी नाव शोधायला फार डोकं चालवलेलं दिसत नाही. बारा गाणी, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. आणि माझं मत विचाराल तर नॅशव्हिल साउंडच्या जमान्यातला बाईचा सगळ्यात जबरदस्त आवाज हा, त्या काळी गाजलेल्या पॅट्सी क्लाइनपेक्षाही, हो लिहिलं मी, घाला शिव्या.

आपल्याकडे कंट्री म्युझिक म्हणजे जिम रीव्हज, विषय संपला. गोव्यात, वसईत, वांद्र्यात ज्यांची घरं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, डिसेंबर आला की त्याच्या ख्रिसमसच्या गाण्यांची रेकॉर्ड लागतेच. पण तो ज्या दुकानातला माल होता ना, आरसीएचा नॅशव्हिलमधला स्टुडिओ बी, प्रोड्यूसर चेट ॲटकिन्सची देखरेख, तीच वाजवणारी मंडळी, त्याच दुकानातून १९६४ मध्ये ही बाई बाहेर आली आणि तिचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. तारखा बघा, कॉनी स्मिथने तिचं पहिलं सिंगल 'वन्स अ डे' रेकॉर्ड केलं १६ जुलै १९६४ ला, आणि ३१ जुलैला जिम रीव्हजचं विमान नॅशव्हिलजवळ कोसळलं. म्हणजे एकाचं संपलं आणि दुसरीचं सुरू झालं, मध्ये जेमतेम पंधरवडा.

आता नॅशव्हिल साउंड म्हणजे काय ते थोडक्यात, कारण त्याशिवाय ही रेकॉर्ड का भारी आहे ते कळणार नाही. पन्नासच्या दशकात एल्विस वगैरे मंडळींनी रॉक अँड रोल आणलं आणि कंट्रीचा खप बसला, मग आरसीएत चेट ॲटकिन्स आणि डेका कंपनीत ओवेन ब्रॅडली यांनी ठरवलं की गावठीपणा जरा कमी करू, फिडल (म्हणजे गावठी ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) काढा, स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती) काढा, त्याजागी व्हायोलिनचा ताफा घाला, मागे अनिता कर सिंगर्सचा किंवा जॉर्डनेअर्सचा कोरस घाला, फ्लॉइड क्रेमरचा तो घसरता पियानो घाला, म्हणजे शहरातल्या लोकांनाही चालेल. आणि चाललं! ॲटकिन्सला कोणीतरी विचारलं की नॅशव्हिल साउंड म्हणजे नक्की काय, तर तो म्हणे खिशातली चिल्लर खुळखुळवून दाखवायचा. मला तो गुळगुळीतपणा आवडतो, खोटं कशाला बोलू, जिम रीव्हज माइकला ओठ लावून गातो तेव्हा अजूनही बरं वाटतं. पण सलग तीन अल्बम ऐकले की झोप येते.

कॉनी स्मिथ ऐकताना झोप येत नाही. 'वन्स अ डे' लावलं की पहिल्या सेकंदाला स्टील गिटार अंगावर येते, जी काढून टाकायची असं ठरलं होतं तीच. वाजवणारा वेल्डन मायरिक, गायक-गीतकार बिल अँडरसनच्या बँडमधला माणूस. ॲटकिन्सला स्वतःला वेळ नव्हता म्हणून त्याने ही नवीन मुलगी बॉब फर्ग्युसन नावाच्या प्रोड्यूसरकडे सोपवली आणि फर्ग्युसनने स्टील काढली तर नाहीच, उलट ती पुढे आणून ठेवली, तार अशी चकचकीत लागते की जुने स्पीकर असतील तर ट्रेबल जरा खाली करा. पुढे कितीतरी वर्षं हीच तिची ओळख झाली. व्हॅन शिपलीच्या हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डी ज्यांच्या घरी होत्या त्यांना हा आवाज लगेच ओळखीचा वाटेल, वाद्यांचं घराणं एकच, फक्त इकडे पेडल लावलेत आणि सूर ताणायची पद्धत वेगळी.

आणि मग ती गायला लागते. काय सांगू. वय तेवीसच्या आत, ओहायोतली गृहिणी, एक लहान मूल, आणि आवाज असा की माइक दोन हात लांब ठेवला असता तरी चाललं असतं. ओरडत नाही हां, हे महत्त्वाचं. मोठ्या आवाजाच्या बायका बऱ्याचदा प्रत्येक ओळीत ताकद दाखवतात, ही नाही दाखवत, सरळ सूर धरते, हरकती जवळजवळ नाहीत, आणि ओळीच्या शेवटी अचानक असा एक कढ येतो की तुम्ही हातातलं काम थांबवता. गाणं काय आहे तर, बाई म्हणते मी काही सारखी रडत बसलेली नाहीये, तुझी आठवण दिवसातून एकदाच येते, रोज, दिवसभर. बस. सव्वादोन-अडीच मिनिटांत खेळ खलास. बिल अँडरसनने लिहिलंय आणि लिहिणाऱ्याची ही चलाखी आहे, पण दुसऱ्या कोणी गायलं असतं तर विनोद झाला असता, ही गाते तेव्हा हसू येत नाही.

हे गाणं कंट्री चार्टवर आठ आठवडे एक नंबरला होतं. बाईचं पहिलंच सिंगल एक नंबरला जायची ती पहिली वेळ, आणि बायकांमधला आठ आठवड्यांचा रेकॉर्ड मोडायला २०१२ मध्ये टेलर स्विफ्ट यावी लागली, तेही बिलबोर्ड मासिकाने चार्ट काढायचे नियम बदलल्यानंतर लगेच. तरी तुम्ही नाव ऐकलेलं नाहीये ना? मग.

ती नॅशव्हिलला पोचली ती पण गंमतच आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये कोलंबस, ओहायोजवळ फ्रंटियर रँच म्हणून एक जागा होती, तिथे गाण्याची स्पर्धा, हिने जिंकली, बक्षीस पाच चांदीचे डॉलर. त्याच दिवशी तिथे बिल अँडरसनचा कार्यक्रम होता, त्याने ऐकलं, पुढच्या वर्षी बोलावून घेतलं, आपल्या गाण्यांचे डेमो गाऊन घेतले, ते ॲटकिन्सपर्यंत पोचले, आणि जूनमध्ये करार. त्याआधीचं आयुष्य फार वाईट गेलेलं, दारुडा मारकुटा बाप, चौदा पोरांचं घर, लहानपणी लॉनमोवरच्या अपघातात पाय जवळजवळ गेला होता आणि हॉस्पिटलात पडल्यापडल्या गिटार शिकली. रेकॉर्ड कंपनीने मात्र तिला गोड मुलगी म्हणून विकलं, दुसऱ्या अल्बमचं नाव तर 'क्यूट अँड कंट्री'. आवाज ऐकलेल्या माणसाला क्यूट हा शब्द सुचूच कसा शकतो देव जाणे.

आता अल्बमकडे येऊ, कारण सगळंच सोनं नाहीये. बरीच गाणी बिल अँडरसनची, त्यामुळे दर्जा चांगला पण साचा तोच, तो गेला, मी राहिले, स्टीलचा तुकडा, पुन्हा तो गेला. 'देन अँड ओन्ली देन' एकदम फर्स्ट क्लास, 'वन्स अ डे' च्या तोडीचं नसेल पण तिथेच बसतं. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'टायनी ब्लू ट्रान्झिस्टर रेडिओ', त्याने दिलेला छोटासा निळा ट्रान्झिस्टर मागे राहिलाय आणि तो नाहीये, एवढंच. आपल्या आधीच्या पिढीतल्या ज्यांनी उशाशी ट्रान्झिस्टर ठेवून बिनाका ऐकलंय त्यांना वेगळं समजवायला नको. 'डोंट फरगेट' हे दुसऱ्या गायिकेचं त्या वेळचं पॉप हिट आहे, इथे ते नसतं तरी चाललं असतं, भरतीचं वाटतं. आणि दुसरी बाजू मध्यावर जरा बसते, तीन-चार गाणी एकाच चालीत येतात, मी त्या वेळी चहा ठेवतो. तेव्हाचे अल्बम असेच असायचे म्हणा, एक हिट सिंगल, भोवती पटापट रेकॉर्ड केलेली बाकीची, तीन तासांच्या सेशनला तीन-चार गाणी उरकायची. तो हिशोब लक्षात घेतला तर हा अल्बम त्या काळच्या मानाने फारच भरीव आहे, आणि कंट्री अल्बमच्या चार्टवर हाही एक नंबरला गेला होता.

मग विसरले का लोक? माझी थिअरी अशी की ती वेळेवर मेली नाही. ऐकायला वाईट वाटेल पण बघा, पॅट्सी क्लाइन १९६३ मध्ये विमान अपघातात गेली, जिम रीव्हज १९६४ मध्ये तसाच, आणि दोघांच्याही कंपन्यांनी नंतर वर्षानुवर्षं रेकॉर्डी काढल्या, पॅट्सीवर पिक्चर निघाले, दंतकथा झाल्या. कॉनी स्मिथने काय केलं तर मुलं वाढवली. साठच्या दशकाच्या शेवटी धर्माकडे वळली, दौरे कमी केले, कंपन्यांशी गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, जास्त गाऊ द्या म्हणून भांडली, १९७३ मध्ये आरसीए सोडून कोलंबियाकडे गेली, आणि सत्तरचं दशक संपता संपता पाच पोरांसाठी सरळ घरी बसली. यावर पिक्चर कोण काढणार? त्यात स्वतः फारशी गाणी लिहिली नाहीत, आणि समीक्षक मंडळींना लिहिणारे गायक जास्त आवडतात. गाणाऱ्यांना मात्र पक्कं माहिती होतं, डॉली पार्टनने म्हटलंय की जगात खऱ्या गायिका तीनच, स्ट्रायसँड, लिंडा रॉनस्टॅट आणि कॉनी स्मिथ, बाकी आम्ही नाटक करतो. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमला मात्र जाग यायला २०१२ उजाडलं.

विकत घ्यायचा असेल तर, स्ट्रीमिंगवर तिची गाणी शोधली की मिळतात, आधी तिथेच ऐका. जुनी एलपी हवी असेल तर नंबरच्या आधीची अक्षरं बघा, एलपीएम म्हणजे मोनो आणि एलएसपी म्हणजे स्टिरिओ. मी मोनोच्या बाजूने, आवाज आणि स्टील एकत्र समोरून येतात, स्टिरिओत उगाच इकडे तिकडे विभागल्यासारखं वाटतं, पण हा शुद्ध आवडीचा प्रश्न. विकणारा 'व्हेरी गुड' म्हणत असला तरी पहिल्या बाजूच्या पहिल्या गाण्याचा फोटो मागून घ्या, सगळ्यात जास्त सुई तिथेच फिरलेली असते. ज्यांना एकदम सगळं हवंय त्यांच्यासाठी जर्मनीच्या बेअर फॅमिलीचे जाडजूड बॉक्स सेट आहेत, पण ते पैसे घालवायच्या आधी एकदा घरच्यांशी बोला.

यानंतर काय, तर 'द हर्टिन्ज ऑल ओव्हर', 'एन्ट हॅड नो लव्हिन', 'सिनसिनाटी, ओहायो', ही तिन्ही गाणी १९६६-६७ ची, तिन्ही पहिल्या अल्बमपेक्षा जास्त मोकळी. मग डॅलस फ्रेझरची गाणी, तो तिचा दुसरा मोठा गीतकार, त्याच्या गाण्यांचा १९७२ मध्ये आख्खा अल्बमच केला. आणि तिथून उडी मारून थेट २०११ चा 'लाँग लाइन ऑफ हार्टेक्स', पुन्हा त्याच स्टुडिओ बीमध्ये रेकॉर्ड केलेला, प्रोड्यूसर नवरा मार्टी स्टुअर्ट, ज्याने अकरा-बारा वर्षांचा असताना मिसिसिपीत तिचा कार्यक्रम बघून आईला सांगितलं होतं की मी हिच्याशीच लग्न करणार आणि १९९७ मध्ये खरंच केलं. वयाच्या सत्तरीत आवाज थोडा जड झालाय, पण ओळीच्या शेवटचा तो कढ आहे तसाच.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा दुसऱ्या बाजूचा कापला. आणि ज्यांना ही स्टील कानाला टोचते, व्हायोलिनंच पाहिजेत, त्यांच्यासाठी १९६७ चा 'डाउनटाउन कंट्री' आहे, तिथे कॉनीलाही व्यवस्थित गुळगुळीत करून ठेवलेलं आहे, घ्या आणि सुखी राहा, फक्त मला ऐकवायला बोलवू नका.